नावापुढचं आडनाव

प्रियदर्शनी क्षीरसागरचं नाव एका आठ पायांच्या कोळ्याला दिलं गेलं म्हणून सांगलीच्या कॉलेजात तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, हळदीकुंकवाचं बोट, प्राचार्यांचं भाषण, सगळं रीतसर. "आपल्या मॅडम आता अमर झाल्या," असं प्राचार्य म्हणाले आणि टाळ्या पडल्या. धडधाकट माणसाला अमर म्हणू नये एवढं भान प्राचार्यांना नसतं, पण त्या दिवशी त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. शालीच्या आत दर्शनी मेल्यासारखीच बसली होती. घरीदारी तिला दर्शनीच म्हणत, तर आपणही तेच म्हणू.

तिच्याच प्राणिशास्त्र विभागातल्या मयूरीने ते नाव पडद्यावर मोठं करून दाखवलं. शास्त्रात नाव लिहायची एक रीत असते. आधी कोळ्याच्या घराण्याचं नाव, मग त्याचं स्वतःचं, आणि त्याच्यापुढे ज्याने ते ठेवलं त्याचं आडनाव. मयूरीने घराण्याचं नाव सोडून दिलं, लॅटिनचं शेपूटही गिळलं आणि खणखणीत वाचलं, "प्रियदर्शनी इनामदार! अगं, हे तर लग्नपत्रिकेतल्यासारखं दिसतंय!"

सगळं सभागृह हसलं. दर्शनीही हसली, कारण शाल अंगावर असताना दुसरं काही करता येत नाही. एके काळी हे दोन शब्द असेच शेजारी यावेत असं तिला फार वाटलं होतं, हे त्या सभागृहात कुणालाच माहीत नव्हतं.

इनामदार म्हणजे मुकुल इनामदार. तो तेव्हा याच कॉलेजात शिकवायला होता. दर्शनी वाईहून नवी नवी नोकरीला आली, तेव्हा कोळी म्हणजे दिवाळीच्या आधी केरसुणीने काढायची वस्तू एवढंच तिला ठाऊक. मुकुलने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि चादरजाळं विणणारे कोळी दाखवले. तिळाएवढा जीव. गवताच्या बुडख्यात आडवी, बारीक चादर विणतो आणि तिच्या खालच्या अंगाला उलटा लटकून राहतो. चादरीच्या वर नुसते वेडेवाकडे धागे. उडता किडा त्या धाग्यांना थडकतो, चादरीवर पडतो, आणि मग खालून दंश होतो. "ज्याच्यावर पाय टेकलाय तिथूनच," मुकुल म्हणाला होता. तेव्हा तिला त्याची मोठी गंमत वाटली होती.

या कोळ्यांच्या जाती रंगावरून ओळखता येत नाहीत, सगळे काळेकरडे. ओळखायचं ते नर-मादीच्या अंगांवरून. नराच्या तोंडाशी दोन इवल्या मुठी असतात, त्यांवर आकडे, वळ्या, काटे. ती किल्ली. मादीच्या पोटाखाली तिला बसेल असं कुलूप. एका जातीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लागत नाही. हे सगळं मुकुलने तिला हाताला धरून शिकवलं, आणि शिकता शिकता ती त्याच्यात गुंतली. बोलली नाही. त्याला कळलंच नसेल म्हणाल, तर ज्याला तिळाएवढ्या कोळ्याच्या मुठीवरचा काटा दिसतो त्याला शेजारच्या खुर्चीवरची मुलगी दिसत नाही, हे कुणी सांगितलं तरी पटायचं नाही. पुढे तो पुण्याच्या एका संस्थेत गेला आणि तिथेच त्याने लग्न केलं. दर्शनी लग्नाला गेली, आहेर केला, जेवून आली. मैत्री उरली होती ती तिने सांभाळली, सरत आलेली साबणाची वडी नव्या वडीला चिकटवून वापरतात तशी.

दर्शनीला तिचा कोळी सापडला तो माहेरी. वाईच्या वरच्या अंगाला, खोरवडी गावाच्या डोक्यावर भैरोबाचा सडा आहे. काळा उघडा कातळ आणि मधे मधे गवताचे झुबके. दिवाळीच्या सुट्टीत सकाळी दव पडलेलं असताना तिला तिथे चादरी दिसल्या, आणि प्रत्येक चादरीला मधोमध खळगा, कुणी अंगठा दाबून ठेवल्यासारखा. असं जाळं तिने ना पाहिलं होतं ना कुठे वाचलं होतं. खालची मादी तिने सांगलीला आणली आणि काचेखाली धरली. असलं कुलूप जगात कुणीच चितारून ठेवलेलं नव्हतं.

माद्या मिळाल्या, नर काही मिळेना. थंडीमागून थंडी ती सड्यावर जात राहिली. राहायची राहीबाईंच्या घरी. राहीबाईंचा मुलगा फौजेत, सून त्याच्यासोबत, घरात ही एकटी. दव कमी असेल त्या दिवशी जाळी दिसावीत म्हणून दर्शनी मक्याचं पीठ फुंकर मारून त्यांच्यावर उडवायची, आणि राहीबाई कमरेवर हात ठेवून बघायच्या. "लेकीबाळींस्नी सोडून कोळ्याला पावडर लावतीया बाई," म्हणायच्या.

मादीचं वर्णन लिहून झालं होतं. चित्रं तर अशी की केसागणिक केस मोजून घ्यावा. तेवढ्यावर छापता आलं असतं, अर्धंमुर्धं छापणारे थोडे नाहीत. पण नुसत्या कुलपावरून घराणं ठरवणं म्हणजे अंदाजपंचे, आणि दर्शनीला अंदाज नको होता. शिवाय तिला एक हौस होती, आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. तिला त्या नव्या नावापुढे 'क्षीरसागर' असं छापून यायला हवं होतं. वडिलांनी, तात्यांनी, वाईच्या बाजारात फोटोफ्रेमचं दुकान चालवून तिला शिकवलं होतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची नावं काचेत बसवली होती.

मुकुलला तिने चित्रं, मापं आणि दोन माद्या पाठवल्या. "एकदा नजर घाल," म्हणून. नर मिळेपर्यंत थांबणार आहे, हेही सांगितलं. "थंडीत नर मादी शोधत भटकतात, परक्या जाळ्यातही मुक्काम करतात. एकाच चादरीखाली दोघं नीट नांदताना दिसले की मगच जोडी मानायची," असं ती म्हणाली, तेव्हा तो कौतुकाने हसला होता. "माझंच शिकवणं मला ऐकवतेस."

आणि श्रावणात त्याचा निरोप आला. 'सरप्राइज!' खाली छापील निबंध. तिचा सडा, तिचा खळगा, तिची चित्रं, शिवाय कुठूनसा मिळवलेला नर. लेखक एकटा मुकुल इनामदार. आणि कोळ्याचं नाव प्रियदर्शनीवरून.

आता इथली खोच सांगितली पाहिजे, कारण ती कॉलेजात कुणाला कळली नाही. स्वतःचं नाव स्वतः कोळ्याला द्यायचं नाही, अशी या शास्त्रातली रीत आहे. कायदा नाही, पण पाळतात सगळे, न पाळणाऱ्याचं हसं होतं. म्हणजे ज्याचं नाव कोळ्याला दिलं तो लेखकांच्या पंक्तीतून आपोआप उठला. मुकुलने तिला पाटावर बसवून ओवाळलं आणि तिचंच ताट आपल्यापुढे ओढलं. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाला उंदराचं नाव दिलं म्हणून उंदरानेच आभार मानायचे!

तिने त्याच संध्याकाळी फोन लावला.

"मुकुल, मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर सरप्राइज कसलं?" तो खूश होता. "दर्शनी, लोक जन्मभर वाट बघतात अशा मानाची. तुझं नाव मी कायमचं केलं."

"मला नाव नको होतं. माझं काम माझ्या नावावर हवं होतं."

"अगं, तुझं नाव दिल्यावर लेखकांत तुला घेणार कसं? रीत तुला माहीत आहे."

"मग द्यायचं नव्हतंस."

"माझ्या बढतीचं या वर्षी आहे," तो म्हणाला. "आणि चित्रांबद्दल शेवटी आभार मानलेत. वाचले नाहीस वाटतं."

तिने वाचले होते. एक ओळ होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि परक्याच्या हातात आपला केस कधी नसतो. फोन ठेवून ती रडली. आधी रागाने, आणि मग मात्र सूक्ष्मदर्शकापाशी शेजारी शेजारी असायच्या त्या जुन्या खुर्च्या आठवून.

शुक्रवारी तो सत्कार झाला. रविवारी तात्यांचा फोन, "दर्शा, पेपरात आलं! कातरण फ्रेम करून गल्ल्यामागे लावलंय. गिऱ्हाईक आधी देवाला नमस्कार करतं आणि मग कोळ्याला." तात्या इतके हसले की दर्शनीला पुढचं काही सांगताच आलं नाही.

निबंध तिने पुन्हा उघडला तो केवळ जळफळाटापोटी. मादीच्या पानांवर काही बघण्यासारखं नव्हतं, ती तिचीच होती. नराचं छायाचित्र मात्र तिने मोठं केलं आणि ती खुर्चीत सावरून बसली. मुठीवरचा तो आकडा तिच्या ओळखीचा होता. सांगलीच्या आसपास कुठल्याही उसाच्या बांधावर बसा, गवत झटका, हा नर मिळणार. फार पूर्वी कुणा परदेशी माणसाने त्याचं नाव ठेवून टाकलेलं आहे. विद्यार्थी सरावाला घेतात तो हा कोळी. मुकुलने कुलूप तिचं घेतलं होतं आणि किल्ली भलतीच लावली होती.

पण छायाचित्रावर विसंबून बोलणारी ती नव्हे. मार्गशीर्षात ती सड्यावर गेली. राहीबाईंनी चहा टाकता टाकता आपणहून विषय काढला.

"तुमचं ते पुण्याचं सायेब येऊन गेलं की गेल्या थंडीत. तुमी सांगितलं न्हाई व्हय?"

"न्हाई," दर्शनी म्हणाली. सड्यावर आली की तिच्या तोंडी तिथली बोली यायची. "सड्यावर चढलं व्हतं?"

"कशाचं चढत्यात! भर दुपारचं आलं, गाडी रस्त्यालाच हुबी. बांधाच्या गवतात काय तरी हुडकलं, बाटलीत घातलं, आन् चाललं बी. च्या सुदिक घेतला न्हाई. म्या म्हनलं, ताईंचं मानूस दिसतंय, पर ताईंवानी न्हाई."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दवाच्या वेळी यायला नको, वाट बघायला नको. बांधावरच्या एका जाळ्यात मुक्कामाला आलेला भटका नर उचलला आणि त्याला नवरदेव केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दर्शनी सड्यावर होती. गारठ्याने बोटं वळत नव्हती. खळग्याच्या चादरी दवाने पांढऱ्या झाल्या होत्या. एकीखाली मादी उलटी लटकलेली, आणि तिच्यापासून बोटभर दूर आणखी कोणी. तो चादरीवर हळूहळू थाप देत होता. मादी पळाली नाही आणि धावूनही आली नाही. बऱ्याच वेळाने तो तिच्याजवळ सरकला आणि किल्ली कुलपात बसली. दर्शनी दगडावर पालथी पडून बघत राहिली. इतक्या थंड्या थांबून जे बघायचं होतं ते समोर होतं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो मुकुलला सांगायचा. या सवयीचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

सांगलीला येऊन तिने नर काचेखाली धरला. मुठी अगदी निराळ्या. शंका उरली नाही. मग हिशेब सरळ होता. नवी जात म्हणून नाव देताना एकच नमुना मुख्य धरायचा, आणि नाव त्या नमुन्याला चिकटतं, चित्राला नाही. मुकुलने मुख्य नमुना धरला होता तो स्वतः पकडलेला नर. मादी धरली असती तर काही बिघडलं नसतं, मादी खरीच नवी होती. पण मादीच्या बाटलीतल्या चिठ्ठीवर, पकडणाऱ्याच्या जागी, 'प्र. क्षीरसागर' लिहिलेलं होतं, आणि ते छापावं लागलं असतं. तेवढं नाव टाळायला त्याने नर धरला. आणि नर निघाला उसाच्या बांधावरचा, आधीच नाव असलेला. म्हणजे 'प्रियदर्शनी' हे नाव मुळात उभंच राहत नव्हतं. खऱ्या नव्या कोळ्याला अजून नावच नव्हतं.

ते नाव आता तिला देता येणार होतं. फक्त त्यासाठी आधी स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने बाद ठरवावं लागणार होतं.

तिने मुकुलला फोन केला. चोरून काही करायचं नाही, हेही त्यानेच शिकवलेलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. नर बांधावरचा आहे हे नाकारलं नाही. मग शांतपणे म्हणाला, "छाप. पण बुडणार कोण ते बघ. माझे निबंध ढीगभर आहेत, त्यातला एक गेला. बढती झालीय. तुझ्या नावाचा जगात एकच कोळी आहे. सत्कार झाले, पेपरात आलं, तात्यांनी फ्रेम लावली म्हणालीस. त्यांना काय सांगशील?"

"मुकुल," तिने विचारलं, "नाव देताना हे तुझ्या डोक्यात होतं?"

"डोक्यात बरंच काही असतं," एवढंच तो म्हणाला.

त्या क्षणी तिला उमगलं. मान म्हणून नव्हे, माया म्हणूनही नव्हे, त्याने तिचं नाव ढाल म्हणून पुढे धरलं होतं. चूक झालीच तर जिला ती सर्वात आधी दिसणार, तिचंच तोंड तिच्याच नावाने बांधलेलं. त्याला तिचा स्वभाव ठाऊक होता, तात्याही ठाऊक होते. तात्यांच्या घरी तो पुरणपोळी जेवला होता. काम चोरलं याचं तिला दुःख होतं, पण ओळखीचा असा उपयोग केला याने ती आतून जळाली.

तरी ती निबंध लिहायला बसली नाही. संक्रांत गेली, होळी गेली. वाईला जायची, गल्ल्यामागची फ्रेम बघायची, परत यायची. तात्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या मुलीच्या नावाचा आहे. जगात असा दुसरा नाही." जगात असा उसाच्या प्रत्येक बांधावर आहे, हे तिला जिभेवरून मागे ढकलावं लागायचं. शेवटी हे ढकलणंच तिला झेपेना. आपणही मुकुलसारखं गप्प बसलोय असं तिला वाटलं, आणि तेवढं पुरे झालं. तिने लिहिलं. पहिल्या परिच्छेदात 'प्रियदर्शनी' बाद केलं. शब्द कुठे तापू दिले नाहीत.

निबंध छापून आला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतलात?" मयूरीने पडद्यासाठी केलेलं ते पान पुसून टाकलं.

दर्शनी निबंधाचं पहिलं पान घेऊन वाईला गेली. दुकानात दुपारची सामसूम होती. तिने सगळं सांगितलं, अगदी खुर्च्यांसकट. मग तात्यांनी उठून गल्ल्यामागची फ्रेम उतरवली, पालथी टाकली आणि पकडीने मागचे खिळे उपटायला लागले.

"पुरणपोळीवर तूप मीच वाढलं होतं त्याला," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "नव्याला नाव कुणाचं दिलंस?"

"सड्याचं. तुमचं द्यावं असं आलं होतं मनात."

"नको गं बाई. नाव दिलेल्या माणसाला बाहेर बसवतात, हे आता कळलं मला." त्यांनी चष्मा वर सरकवून पान डोळ्यांजवळ धरलं. "हे कोळ्याच्या नावापुढे काय?"

"क्षीरसागर."

"म्हणजे मी आलोच की," तात्या म्हणाले. त्यांनी पान काचेवर सरळ केलं, जुनं कातरण उचललं आणि चुरगाळायला घेतलं. "हे मात्र गेलं एकदाचं."

"जात नाही तात्या." हे सांगताना मात्र दर्शनीला रडू आवरेना. "छापलेलं नाव कधी पुसत नाहीत. बांधावरच्या कोळ्याच्या खाली बाद नावांची रांग असते, तिथे ते राहणार. प्रियदर्शनी, आणि पुढे इनामदार. मी मेल्यावरसुद्धा."

तात्या थांबले. "तुमच्यात सोडचिठ्ठी नसते होय?"

"नसते," ती म्हणाली.

त्यांनी कातरण पुन्हा उलगडलं, हाताने सपाट केलं. फ्रेम करताना पुठ्ठा आणि चित्र यांच्यात पोकळी राहू नये म्हणून मागे रद्दी कागद भरतात. तात्यांनी दर्शनीच्या पानामागे ते कातरण भरलं, अक्षरं आतल्या बाजूला करून, आणि वर पुठ्ठा ठेवला. एरवी ते खिळे अर्धेच ठोकत, गिऱ्हाइकाला कधी फोटो बदलायचा असतो म्हणून. या खेपेला त्यांनी सगळे खिळे शेवटपर्यंत ठोकले.